बुसियाच्या शाळांचा जमाखर्च



गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या कचेरीत एक लहानशी गोष्ट घडली. आमच्या विभागात नुकताच लागलेला एक तरुण लिपिक जेवणाच्या सुट्टीत एक रंगीत पत्रक घेऊन आमच्या टेबलापाशी आला. पत्रकावर आफ्रिकेतल्या एका लहान मुलाचा फोटो. पोट फुगलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, डोळ्याच्या कोपऱ्यात माशी. खाली लिहिले होते की, दरमहा अमुक रुपये द्या आणि या बालकाच्या शिक्षणाचा व आरोग्याचा भार उचला. पोरगा कनवाळू आहे. पहिला पगार त्याने आईच्या हातात ठेवला, दुसऱ्यातून असे काही करावे असे त्याच्या मनात होते. म्हणाला, "भाऊ, तुम्ही बी.कॉम., मंडळाचे हिशेब तुम्ही बघता. हे पैसे खरेच पोचतात का?"

आम्ही तोंड उघडण्याआधी पलीकडच्या टेबलावरून उत्तर आले, "आधी आपल्या पोरांचे बघा म्हणावे! आफ्रिका कशाला पाहिजे?" झाले. डबे तसेच राहिले आणि वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, हे सगळे खाण्याचे धंदे. कोणी म्हणाले, पाचशे रुपयांनी काय आफ्रिका सुधारणार आहे?

आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. उत्तर ठाऊक नव्हते हे एक कारण. दुसरे कारण त्या फोटोत होते. आम्ही चौथीत असताना एका संस्थेने आमच्या वस्तीत वह्यावाटपाचा कार्यक्रम केला होता. मांडव, माईक, हारतुरे सगळे साग्रसंगीत. "गरीब व होतकरू विद्यार्थी" असे म्हणून आमचे नाव पुकारले. वही घेताना मान समोर ठेवायची, फोटोवाल्याकडे बघायचे. फोटो नीट आला नाही म्हणून आमच्या हातातली वही परत घेऊन पुन्हा दिली. सहा वह्या मिळाल्या. त्यांच्या वेष्टनावर देणाऱ्यांचे छायाचित्र होते. जुलै उलटला तरी आम्ही त्या शाळेत नेल्या नाहीत. शेवटी आईने वर्तमानपत्राचे कव्हर घातले तेव्हा नेल्या. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आजही आम्ही म्हणणार नाही. पण पत्रकावरच्या त्या मुलाला कोणी विचारले असेल का, की बाबा रे, असा तुझा फोटो काढू का?

असो. आम्ही कारकून माणसे. भावनेवर भांडण मिटत नाही, म्हणून कागद काढून बसलो. आफ्रिका म्हणजे काही एक तालुका नव्हे. चोपन्न देश आहेत. सगळ्यांचा हिशेब एका सदरात मांडता येणार नाही. पण एका जिल्ह्याचा मांडता येतो, कारण त्या जिल्ह्यातल्या शाळांत मदतीचा जमाखर्च जितक्या काटेकोरपणे लिहिला गेला तितका आम्ही तरी दुसरीकडे वाचला नाही. तो जिल्हा म्हणजे केनिया देशातला बुसिया.

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सरहद्दीवर हा जिल्हा. खाली व्हिक्टोरिया सरोवर. मका, कसावाचे कंद, थोडा ऊस, आणि सरोवराकाठी मासेमारी. पूर्व आफ्रिकेत धावणाऱ्या 'बोडा-बोडा' नावाच्या दुचाकी टॅक्सीचे नाव याच सरहद्दीवर पडले असे सांगतात. दोन देशांच्या नाक्यांमधल्या पट्ट्यात सायकलवाले 'बॉर्डर, बॉर्डर' असे ओरडून उतारू मिळवायचे, त्याचे झाले बोडा-बोडा. घरात लुह्या, तेसो किंवा लुओ भाषा, बाजारात स्वाहिली, आणि शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी. ही तीन भाषांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मायकेल क्रेमर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ तरुणपणी, १९८०च्या दशकात, शेजारच्या काकामेगा भागात एक वर्ष शाळेत शिकवत होते. पुढे ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९९०च्या दशकात जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांना भेटायला पुन्हा केनियात गेले. तिथे त्यांचा एक मित्र मूळ हॉलंडच्या इंटरनॅशनल चाइल्ड सपोर्ट या संस्थेत काम करीत होता. परदेशातले दाते मुलांसाठी पैसे पाठवायचे आणि संस्था ते पैसे एकेका मुलाच्या हातात न देता सबंध शाळेवर खर्च करायची. गणवेश, पुस्तके, वर्गखोल्या. मित्राला सात शाळा निवडायच्या होत्या. क्रेमर म्हणाले, सात निवडू नकोस, चौदा निवड. त्यातल्या सात चिठ्ठ्या टाकून काढ आणि मदत त्यांना दे. मग दोन्ही गटांतल्या मुलांचे काय होते ते बघत राहा.

वाचताना आम्हाला हे प्रथम खटकले. गरिबाच्या पोरांवर कसले प्रयोग करता? पण नंतर विचार केला, पैसे तर सातच शाळांपुरते होते. मग त्या सात कोणी ठरवायच्या? एरवी आपल्याकडे काय होते, ते मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याची ओळख त्याची शाळा. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. आणि मदत मिळालेल्या शाळेशेजारी मदत न मिळालेली तशीच शाळा असल्याशिवाय, जे बदलले ते मदतीने बदलले की त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून, हे सांगणार कोण?

त्या सात शाळांत मुलांची गळती कमी झाली. इतकी की आसपासच्या शाळांतली मुले नाव काढून इकडे आली आणि वर्ग भरून वाहू लागले. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. कारण शोधता शोधता लक्षात आले की, मुलांना धरून ठेवणारी वस्तू होती गणवेश. केनियात त्या काळी गणवेश घरच्यांनी घ्यायचा असे. त्याची किंमत सुमारे सहा डॉलर, आणि त्या वेळी देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला साडेतीनशे डॉलरच्याही आत. घरात चार लेकरे असली तर हिशेब तुम्हीच करा.

या गणवेशाची पुढची हकीकत आमच्या भगिनीवर्गाने मुद्दाम वाचावी. २००३ साली केनिया सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली, पण गणवेशाचा खर्च राहिलाच. त्याच वर्षी पश्चिम केनियातल्या ३२८ शाळा घेऊन पाहणी सुरू झाली. त्यातल्या काही शाळांत सहावीच्या मुलामुलींना फुकट गणवेश दिले आणि ती शाळेत राहिली तर पुढे आणखी एक दिला. दुसरे काही नाही. त्या शाळांतल्या मुलींची गळती कमी झाली आणि कोवळ्या वयातली लग्ने आणि बाळंतपणेही कमी झाली. एक झगा आणि एक स्वेटर. मुलगी शाळेत असली की तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर वेगळी राहते, हे आपल्या आयाबायांना काही नव्याने सांगायला नको.

आता पुस्तकांकडे येऊ. इथे आम्ही थबकलो, कारण पुस्तके-वह्या वाटणे हे आमच्याही मंडळाचे आवडते काम. बुसियाच्या अनेक वर्गांत वीस मुलांमागे एक इंग्रजीचे पुस्तक नव्हते. मास्तर फळ्यावर उतरवून द्यायचे आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचे. संस्थेने १९९६ साली शंभरांतल्या पंचवीस शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तके दिली. कोणालाही वाटेल की आता निकाल उसळी मारणार. निकाल होता तिथेच राहिला. ज्या मुलांचे आधीपासून चांगले चालले होते, वर्गातल्या वरच्या रांगेतली, त्यांना तेवढा फायदा झाला. बाकीच्यांना नाही. पुस्तक इंग्रजीत, आणि इंग्रजी ही त्या मुलांची तिसरी भाषा. मधल्या बाकावरच्या मुलाला ते पुस्तक नीट वाचताच येत नव्हते. अभ्यासक्रम राजधानीतल्या शिकल्यासवरल्या घरांतली मुले डोळ्यांपुढे ठेवून केलेला. पुस्तक हातात आले, पण उघडून उपयोग नाही.

मग भिंतीवर टांगायचे मोठे तक्ते देऊन पाहिले. शरीरशास्त्राचे, गणिताचे, नकाशाचे. छान रंगीत. गुणांवर त्यांचाही परिणाम झाला नाही. गंमत अशी की, ज्या शाळांनी स्वतःचे तक्ते आधीच विकत घेतले होते त्यांचे निकाल चांगले होते. तेवढेच पाहिले असते तर कोणीही म्हणाला असता, बघा, तक्त्यांनी निकाल वाढतो! खरे तर ज्या शाळेजवळ तक्ते घ्यायला पैसे होते तिथे बाकीच्याही गोष्टी असणारच.

आणि मग आले जंत.

हा विषय जेवताना काढायचा नाही असे आमची सौभाग्यवती म्हणते, पण सदर आहे, जेवण नव्हे. बुसियात १९९८च्या सुरुवातीला तपासणी केली तेव्हा दहांतल्या नऊहून अधिक मुलांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या प्रकारचे जंत निघाले. अनवाणी पायांतून आत शिरून आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी, मातीतून तोंडावाटे जाणारे गोल जंत, आणि सरोवराच्या पाण्यात उतरणाऱ्या मुलांना होणारा बिलहार्झिया. जंताने मूल सहसा मरत नाही, म्हणून तर कोणी लक्ष देत नाही. ते मलूल होते, पोट दुखते म्हणून घरी राहते, अंगातले रक्त कमी होत जाते. पत्रकावरच्या फोटोसाठी असे मूल उपयोगाचे नाही. ते दिसायला साधारण दिसते.

क्रेमर आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मिगेल यांनी संस्थेबरोबर पंचाहत्तर शाळा घेतल्या, सुमारे तीस हजार मुले. पंचवीस-पंचवीस शाळांचे तीन गट. पहिल्या गटाला १९९८ पासून जंताची गोळी, दुसऱ्याला १९९९ पासून, तिसऱ्याला २००१ पासून. म्हणजे शेवटी सगळ्यांनाच मिळाली, फक्त पाळीपाळीने. वर्षाचा खर्च दर मुलामागे अर्ध्या डॉलरच्या आसपास. एक त्रुटी मात्र नोंदवली पाहिजे. तेरा वर्षांवरच्या मुलींना त्या वेळी गोळी देत नसत. त्यातली एखादी गरोदर असली तर धोका, असा तेव्हाचा नियम. म्हणजे ज्यांच्या अंगात रक्ताची सर्वांत जास्त गरज, त्याच वगळलेल्या.

शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्श्याने घटली. आणखी एक गोष्ट दिसली, ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांना गोळी दिली नव्हती अशा मुलांचेही जंत कमी झाले. का? तर जंत एका मुलाच्या विष्ठेतून मातीत आणि मातीतून दुसऱ्यात जातो. शेजारचा बरा झाला की मातीच स्वच्छ होऊ लागते. पत्रकावरच्या एकाच मुलाला निवडून गोळी दिली असती तर पुढच्या मोसमात त्याच अंगणातून जंत पुन्हा त्याच्या पोटात गेले असते. परीक्षेतले गुण या गोळीनेही वाढले नाहीत. हेही त्यांनी लपवले नाही.

पुढे २००१ साली संस्थेने विचार केला की, किती दिवस फुकट द्यायचे? लोकांनी थोडा वाटा उचलावा, म्हणजे त्यांना किंमत राहील. आपल्याकडेही हे वाक्य प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतेच, आम्हीही म्हटले आहे. काही शाळांत पालकांकडून थोडी रक्कम मागितली, बहुतेक ठिकाणी घरटी तीस शिलिंग. फुकट होते तेव्हा चारांतली तीन मुले गोळी घेत होती. पैसे लागताच पाचांतले जेमतेम एक. जास्त आजारी मुलांच्या आईबापांनी तरी पैसे भरले असतील म्हणावे, तर तसेही नाही. त्याच शाळांतून पायात जोडा घाला, सरोवरात डुंबू नका, हात धुवा असे धडेही दिले गेले होते. मुलांच्या सवयी तसूभरही बदलल्या नाहीत. जोडा घ्यायला पैसे नाहीत आणि घरी नळ नाही, तिथे धडा काय करणार?

हिशेब लिहिला की तपासणीस येणारच. या मंडळींनी आपली सगळी मूळ कागदपत्रे स्वतः होऊन तपासायला दिली. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी फेरतपासणी केली तेव्हा काही चुका निघाल्या. दूरच्या शाळांना झालेला फायदा दाखवला होता तितका नव्हता. त्यावर पंडितांचे मोठे भांडण झाले. बऱ्याच डॉक्टर मंडळींचे म्हणणे आजही असे की, सरसकट गोळी देण्याचा लाभ वाटतो तितका नाही. मूळ लेखक म्हणाले, चुका मान्य, पण हजेरीचा निष्कर्ष टिकतो. त्यांनी ती मुले सोडली नाहीत. वीस वर्षांनी, ती बापे-बाया झाल्यावर, शोधून काढून विचारले. २०२१ साली छापलेल्या हिशेबाप्रमाणे ज्यांना दोन-तीन वर्षे जास्त गोळी मिळाली त्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होती. आम्ही बी.कॉम. आहोत, वैद्य नाही. या वादाचा निकाल आम्ही देणार नाही. पण आपली वही स्वतः दुसऱ्याच्या हातात देऊन "चूक काढा" म्हणणारी संस्था आम्ही फार थोड्या पाहिल्या आहेत, आमचे मंडळ धरून. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच पद्धतीच्या कामासाठी. बॅनर्जी हे जन्माने मुंबईचे, हे जाता जाता.

आता "आधी आपल्या पोरांचे बघा" म्हणणाऱ्या आमच्या शेजारच्या टेबलासाठी. बुसियाचा हिशेब बुसियात राहिला नाही. केनिया सरकारने २००९ साली आणि मग २०१२ पासून मोठ्या प्रमाणावर शाळांतून जंतनाशक गोळ्या देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पन्नास लाखांहून अधिक मुलांना, आणि देणारे शाळेतलेच मास्तर. आपल्या देशात १० फेब्रुवारी २०१५ रोजी पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला. अंगणवाडीत आणि शाळेत चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी तुमच्याही लेकरांनी खाल्ली असेल. शाळेतून, सगळ्यांना, फुकट, ठरल्या दिवशी, हे करायला धजावताना ज्या हिशेबांचा आधार घेतला गेला त्यात बुसियाच्या मुलांचा हिशेब होता. त्या तीस हजारांचे आपल्यावर थोडे देणे आहे म्हणा ना.

पण बुसियाच्या वर्गांत आणखी एक दुखणे होते, जे वर्षातून दोनदा गोळी देऊन जाणारे नव्हते. पश्चिम केनियात त्या वर्षांत एड्सने घरेच्या घरे रिकामी केली. १९९९च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष मोई यांनी ती राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मधली पिढी गेली. उरल्या आज्या आणि नातवंडे. औषध नव्हते असे नाही. होते, पण एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तेच तीन औषधांचे मिश्रण परदेशी डॉक्टरांच्या एका सेवाभावी संघटनेला वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केले. दिवसाला एक डॉलरही नाही. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर हक्क मिळे, म्हणून आपले कारखाने दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवू शकत होते. हा दानधर्म नव्हता, वाजवी भाव होता. पण त्या भावाने जितकी माणसे जगली तितकी पत्रकांनी जगली नसावीत.

मुलांना त्याचा लाभ मात्र उशिरा पोचला. मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्यायच्या, किंवा एक पातळ औषध होते ते. जहरासारखे कडू, त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक अल्कोहोल, आणि ठेवायला थंड पेटी हवी. ज्या आजीच्या घरी वीज नाही तिने ते ठेवायचे कुठे, आणि दोन वर्षांच्या नातवाला दिवसातून दोनदा पाजायचे कसे? सिप्लाने एका ना-नफा औषध संस्थेबरोबर चार औषधे एकत्र केलेली, गोडसर चवीची, अन्नावर भुरभुरून देता येणारी भुकटी तयार केली. दक्षिण आफ्रिकेत तिला २०२२ साली परवानगी मिळाली. मोठ्यांचे औषध स्वस्त झाले त्याला तोवर एकवीस वर्षे झाली होती. लहान मुले सभेत येऊन ओरडत नाहीत, एवढेच आम्हाला याचे कारण दिसते.

आणि त्या आज्यांसाठी केनिया सरकारने २००४ साली पाचशे कुटुंबांपासून एक योजना सुरू केली. पोरके नातू-पणतू सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती थेट पैसे. पुढे ती रक्कम महिन्याला दोन हजार शिलिंग झाली आणि कुटुंबे लाखांत गेली. घेणाऱ्या बहुतेक बायका. त्यांनी काय घ्यायचे ते त्यांनीच ठरवायचे. मोठी मुले माध्यमिक शाळेत टिकू लागली. या पैशासाठी आजीला यादीत नाव लावावे लागते, फोटोत रडावे लागत नाही.

मदतीच्या या वहीत शेवटची नोंद कडू आहे. २००३ पासून अमेरिकेच्या पैशावर आफ्रिकेतल्या एड्सच्या औषधोपचाराचा मोठा डोलारा उभा होता. जानेवारी २०२५ मध्ये तिथे सरकार बदलले आणि परदेशी मदत एकाएकी थांबवली. १ जुलै २०२५ रोजी मदतीचे काम पाहणारे ते खातेच, यूएसएड, बंद झाले. केनियात दवाखान्यांतले कर्मचारी घरी बसले, काही ठिकाणी दारांना कुलपे लागली. जंताच्या कामालाही त्यातून पैसा जात होता. ज्या आजीने औषधाची वेळ वीस वर्षे चुकवली नाही, तिला कोणी काही विचारले नाही. शाळेची फी रद्द झाली ती मात्र कायम आहे. ती केनियाच्या लोकांनी मते देऊन मिळवलेली होती.

हे सगळे आम्ही चार दिवस डब्याच्या वेळी सांगितले. शेजारचे टेबल पहिल्या दिवशी पाठ करून बसले होते, तिसऱ्या दिवशी खुर्ची वळवून ऐकू लागले. तरुण लिपिकाने आमच्याशी बोलून त्या पत्रकवाल्या संस्थेला एक पत्र लिहिले. पैसे एका मुलाला देता की शाळेला? शेजारच्या मुलांचे काय? सरकारी शाळा आणि दवाखान्याबरोबर काम करता की त्यांना वगळून? फोटो काढताना घरच्यांना विचारले होते का? उत्तर आले, पण त्यात उत्तर नव्हते. आणखी एक रंगीत पत्रक होते, या वेळी मुलगी. त्याने ते फाडले नाही, टेबलाच्या खणात ठेवले. आता तो शाळांतून सगळ्या मुलांना आरोग्यसेवा पोचवणाऱ्या एका दुसऱ्या संस्थेला दर तिमाहीला पैसे पाठवतो आणि त्यांचा वार्षिक ताळेबंद आमच्याकडे वाचायला आणतो. त्यात छपाईचा खर्च आम्हाला जरा जास्त वाटला. त्याने तेही लिहून विचारले आहे.

आमच्या मंडळात मेमध्ये बैठक झाली तेव्हा आम्ही म्हटले, यंदा मांडव नको, माईक नको, वह्यांवर आमची नावे नकोत. मुख्याध्यापिका बाईंना विचारून ज्या मुलांचा गणवेश राहिला असेल त्यांचे कापड आणि शिलाई आपण देऊ, आणि शाळेनेच ते वाटावेत. अध्यक्ष नाराज झाले. म्हणाले, फोटोच नसेल तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण देईल? मुद्दा अगदीच खोटा नव्हता, आणि वर्गणी यंदा थोडी कमीच जमली. ठराव दोन मतांनी पास झाला. बाईंनी बावीस मुलांची यादी दिली. वस्तीतल्याच एका शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे कापड दिले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे बिल आले ते तेवीस गणवेशांचे. आम्ही यादी घेऊन विचारायला गेलो, की ताई, एक जास्त कसा? त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या पाचवीतल्या पोराबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती. त्याचे माप घेतले तशी तीही हात पसरून उभी राहिली. कापड उरले होते. मी घेतले माप."

आम्ही तेवीस खर्ची टाकले.